आभाळाचा शेवट

काल नव्या साडीची घडी मोडताना खळीचा वास आला आणि मी थेट कोसाडच्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर जाऊन पोचले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ तापाने गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. आईचं जेवणावरून मनच उडालं होतं. मिलमधून आलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत ती दिवसभर बसून असायची. मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होते.

त्या संध्याकाळी गच्चीवर, मांडीवरची साडी तशीच ठेवून तिने विचारलं, “तू एवढी शिकनी, माले सांग. आभायले शेवट शे का?”

“असं का इचारस, माय?”

“शेवट व्हई, तं पोऱ्या तठे कोठे तरी व्हई. नही तं त्याले कोठे शोधू?”

‘आहे’ असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला खोटं सांगवेना. “कोनलेच माहीत नही, माय. शास्त्रज्ञसले बी नही.”

मला वाटलं, आता ही रडेल. ती वर बघू लागली. मग म्हणाली, “कोनलेच माहीत नही, तं तो कोठेच नही, असं तरी कोन सांगी?”

खाली येऊन तिने स्वतःच्या हाताने ताट वाढून घेतलं.

आता मी शाळेत शिकवते. विश्व अनंत आहे का, असं मुलं विचारतात. “अजून माहीत नाही,” म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. मलाही तेव्हा ते उत्तर तोकडंच वाटलं होतं. आईला मात्र तेवढ्यातच तिच्या लेकरासाठी जागा सापडली होती.