शेणाच्या टाकीत संत्री

मी अन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेण कालवणं. मी पाणी ओतलं, शेवंतानं हातानं गुठळ्या फोडल्या, काड्या वेचल्या अन् घोळ गोबरगॅसच्या टाकीत सोडला. "पाणी जास्त झालं," एवढंच बोलली. (पाणी रोजच जास्त होत असे!) दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

आता लोक येतात अन् सांगतात, फार शांत बाई होती. शांत! त्यांना संत्र्यांची गोष्ट माहीत नाही.

तेव्हा प्रताप नगराच्या पलीकडे शेतंच शेतं होती. आमची संत्र्याची बाग तिथंच. चुलीच्या धुरानं शेवंताचे डोळे सदा लाल. डॉक्टर म्हणाला, धूर बंद करा, नाहीतर डोळे जातील. शेजारच्या गणपतकडे गोबरगॅस होता, म्हणून मीही टाकी बांधली अन् सीताबर्डीच्या बाजारातून शेगडी आणली. पहिली निळी ज्योत पाहिली अन् माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मी कुदळ घेऊन चूलच फोडली!

"अजी, राहू द्या नं चूल एका कोपऱ्यात!"

"गॅस असल्यावर चूल काहून पाहिजे वं तुले?"

टाकीवरचं लोखंडी झाकण गॅस भरला की वर यायचं. मी तासन् तास तिथं बसून राही. शेणातून जाळ निघतो म्हणजे काय! गॅस घेऊन उरलेला घोळ संत्र्यांच्या बुडाशी, झाडांखालचं गवत गाईला, गाईचं शेण परत टाकीत. काहीच वाया नाही. फक्त गळलेली संत्री बागेत नुसती सडत पडायची. मी विचार केला, सडलेलं शेण गॅस देते, तर सडलेलं संत्रं काहून नाही देणार? (चौथी पास माणसानं विचार करू नये!)

शेवंताला न सांगता मी टोपल्यावर टोपले टाकीत रिचवत गेलो. पहिले दोन दिवस झाकण असं उचललं की मी गणपतला बोलावून दाखवलं.

"काय घातलं गा याच्यात?"

"तुह्या डोक्यात नाही ते!"

तिसऱ्या दिवशी लेकीची सासू आली. मुद्दाम, शेणाच्या गॅसवरचं जेवण कसं लागतं ते पाहायला. शेवंतानं पुरण शिजायला टाकलं.

"वास तर नाही नं येत याले?" विहीणबाईंनी पदर नाकाला लावला.

"अजिबात नाही!" मी म्हणालो, अन् ज्योत फुसकन विझली. फुंकलं, पेटवलं, शेगडी हलवली. काही नाही. डाळ अर्धी कच्ची. तेवढ्यात बाहेरून गणपत ओरडला, "अगा, तुही टाकी उतू चालली!"

धावलो. झाकण एका अंगाला कललेलं अन् कडेनं पिवळा फेस भसाभसा बाहेर येत होता. वास असा की गाय दावं तोडून बागेत पळाली! अन् त्या फेसावर एक अख्खं संत्रं माझ्याकडे पाहत तरंगत आलं.

शेवंतानं ते उचललं. एकदा संत्र्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"किती टाकले?"

"हे... दोन-चार."

"टोपले?"

मी गाय धरायच्या निमित्तानं बागेकडे पळालो. विहीणबाई फराळाचं खाऊन संध्याकाळच्या बसनं परत गेल्या.

चूल नाही, गॅस नाही. अंगणात तीन दगड मांडून शेवंता फुंकायला बसली अन् तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला पाहवेना. म्हटलं, उठ, मी करतो. माझी भाकर बैलापुढं ठेवली तर त्यानंही मान फिरवली!

शेवंता मात्र जाऊन टाकीच्या झाकणाला कान लावून बसली.

"काय आयकून राहिली वं?"

"पोट बिघडलं हिचं. सारं आंबट करून ठेवलं तुमी. आता हिले उपाशी ठेवा."

मग तिनं माझ्या बंडीच्या खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढून टाकीत उपडी केली.

"अवं, एवढ्यानं काय होते?"

"काई नाही होत. हे तुमची सजा. टाकीसाठी भिंतीचा चुना आणा, बादलीभर!"

चुना झाला. मग ती गणपतच्या टाकीतला घोळ विरजणासारखा मागून आणायला निघाली. बादल्या मी वाहिल्या. गणपत वाटेत उभा राहून विचारी, "आज संत्री की मोसंबी?"

कितीतरी दिवसांनी ज्योत पेटली. शेवंता तिच्याकडे बघत बसली, कोरड्या डोळ्यांनी. मग मला म्हणाली, "टाकीजवळ संत्रं खाताना दिसले, तर तुमालेच आत टाकीन." तेव्हापासून मी घरात यायच्या आधी ती माझे खिसे हुंगायची!

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात शेगडी पेटवायची नव्हती. पण टाकीला कोण सांगणार? मी शेणात हात घातला, गुठळ्या फोडल्या. पाणी जास्तच झालं. गणपत येऊन शेजारी बसला. एक संत्रं सोलून त्यानं माझ्या हातावर ठेवलं, "खाय गा दोन फोडी, कालपासून उपाशी हायेस."

खाल्लं. सालं त्यानं टाकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. मी घराच्या दाराकडे पाहिलं, ती सगळी गोळा केली अन् बागेच्या पार टोकाला नेऊन पुरून आलो. मग विहिरीवर खिसेही धुतले!