भिंतीला पाठ लावलेली गाडी

औषधांच्या गोदामातून गाड्या सोडणारा तो साधा ट्रान्सपोर्ट मॅनेजर. एका पुरात शहराचा पूल बंद पडला, गाड्या पलीकडे अडकल्या आणि साहेबांनी त्यालाच फैलावर घेतलं. तेव्हापासून त्याने संकटाचा ध्यासच घेतला. शिबिरं केली, छातीवर बिल्ला लावला, ‘आपत्कालीन सज्जता प्रमुख’ झाला. हमाल पाठीमागे ‘तयारीमास्तर’ म्हणत. बायको तोंडावर म्हणे, कारण घरचा सिलिंडर संपला की प्रमुखांना शेजारीच आठवत.

मास्तरांचा जीव राखीव ट्रकमध्ये. डायलिसिसच्या पिशव्यांनी ठासून भरलेला. चोरांना मागचं शटर उघडता येऊ नये म्हणून ट्रकवाले रात्री गाडीची पाठ भिंतीला चिकटवतात. मास्तरांनी ती कायमची चिकटवली. “संकटाशिवाय ही हलायची नाही,” ते पाहुण्यांना सांगत.

गाडीने त्यांच्यापुढे एक पाऊल टाकलं. ती संकटातही हलली नाही.

पूल पुन्हा बंद झाला, तेव्हा जवळच्या दवाखान्यातल्या पिशव्या संपत आल्या. दुपारी तिथे मास्तरांच्या सासूबाईंची डायलिसिसची पाळी होती. मास्तर ऐटीत चढले, किल्ली फिरवली. गाडी खोकलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या बॅटरीने प्राण सोडला होता. ढकलावी तर भरलेली, उतरवावी तर शटर भिंतीला, आणि बाकी गाड्या पुलापलीकडे.

“मास्तर, भिंत फोडू का?” मुकादमाने विचारलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. भिंतीमागे त्यांचाच नवा नियंत्रण कक्ष होता, आणि त्याच भिंतीवर त्यांची प्रमाणपत्रं.

तेवढ्यात बायकोचा फोन. “अहो, आईला धाप लागलीय. निघाली का गाडी?”

“निघतेय,” म्हणत मास्तरांनी मुकादमाला मान हलवली.

पहारी चालल्या. प्रमाणपत्रं विटांखाली गेली, खोकी नियंत्रण कक्षातून हातोहात बाहेर आली आणि हातगाड्यांवरून दवाखान्यात पोचली. देवाची कृपा, सासूबाई वाचल्या. देव पाठीशी असतो, भिंतीशी नसतो.

संध्याकाळी मास्तर भेटायला गेले. सासूबाईंनी डोळे किलकिले केले.

“जावईबापू, पुढच्या पुराला भिंत आधीच फोडून ठेवा हो.”

मास्तरांनी ते मनावर घेतलं. भगदाड बुजवलं नाही. त्यावर पाटी लावली: ‘पर्यायी पुरवठा मार्ग’. आता पाहुण्यांना ते तेच दाखवतात.