तिसऱ्या होडीचा दोर

विद्यानगरातली ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. तक्रारदार सत्तरीच्या बाई, दोन्ही डोळ्यांनी अंध. शेजारणीचा हात धरून ठाण्यात आल्या. घरातले चित्र कोणीतरी बदलले, असे त्यांचे म्हणणे. चित्र बंदराचे होते : धक्क्याला बांधलेल्या होड्या, सुरीने थापलेला जाड रंग. वारलेल्या मुलाने काढलेले ते शेवटचे चित्र. त्यावरून त्या रोज बोटे फिरवत.

"चित्र तर भिंतीवरच आहे म्हणता, मावशी," हवालदार म्हणाला.

"तिसऱ्या होडीचा दोर मध्येच तुटतो. आता सलग लागतोय. मी आंधळी आहे रे, खुळी नाही."

मी ठाण्याच्या जनरल डायरीत नोंद केली आणि हवालदाराला फ्रेमवाल्यांकडे चौकशीला पाठवले. दोन दिवसांनी जामबागेतल्या फ्रेमवाल्याने हवालदाराला खबर दिली. "हौ साब, असली तस्वीर मेरे पास हैच. बहू रखवाई. बोली, किसी को नक्को बोलो."

सुनेचा जबाब नियमाप्रमाणे घरीच, महिला कॉन्स्टेबलसमोर घेतला. सासूबाई तेव्हा देवळात होत्या. आधी तिने सगळे नाकारले. फ्रेमवाल्याचा उल्लेख होताच ती खाली बसली.

"आईंच्या बोटांनी रंग झडतो, साहेब. रोज कपचे पडतात. म्हणून नक्कल करून घेतली."

"मग त्यांना सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा हात लावला नसता. त्यांना तेवढंच उरलंय."

गुन्हा घडलाच नव्हता. तक्रार निकाली काढायची होती. वाचता न येणाऱ्याला कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, ही माझी जुनी सवय. बाई परतल्यावर मी सुनेचा जबाबही वाचला, शब्द न शब्द. सून दारातून नको नको म्हणून मान हलवत होती. 'आईंच्या बोटांनी रंग झडतो' ही ओळ मी पुरी केली.

बाईंनी अंगठा दिला.

मूळ चित्र भिंतीवर परत आले. काही आठवड्यांनी मी त्या घरी गेलो, तेव्हा बाई त्याच्यासमोर बसल्या होत्या. हात पदराखाली.

"लावा ना हात, आई. झडला तर झडू दे," सून म्हणाली.

"नको गं. तुला तरी बघायला राहू दे."

तपासात चूक नव्हती. वरिष्ठांनी शेराही चांगला दिला. पुढे कोणताही जबाब मोठ्याने वाचण्याआधी, खोलीत कोण बसले आहे ते मी पाहू लागलो. त्या दोघींना त्याचा काही उपयोग नव्हता.