मेख्टिल्डची टोपी आणि दादाचं पुस्तक

आमच्या नाउमबुर्गात मेख्टिल्डइतकी सुरेख पिसाची लेखणी कापणारं कुणी नाही. माझ्या पावाच्या दुकानासमोरच तिची खिडकी, म्हणून मला ठाऊक. लोक म्हणतात, मी डोकावते. डोकावते तर डोकावते!

तिचा भाऊ लेबेरेख्ट शाळेत लॅटिन शिकवायचा आणि घरी विचारवंत असायचा. माणूस मुळात स्वतंत्र असतो, हे तो एका पुस्तकात सिद्ध करत होता. आईनं मरताना मेख्टिल्डकडून वचन घेतलं, दादाचं पुस्तक पुरं होईस्तोवर घर सोडायचं नाही. पोर बावीस वर्षांची. तिकडे हाले शहरात हातमोजे शिवणारा टोबियास लग्नासाठी थांबलेला. वर्षभराचं तर काम, असं आम्हाला वाटलं.

पण लाइपझिगच्या पुस्तकजत्रेची रीत अशी, की यादीत नाव आधी छापायचं, पुस्तक मागून येईल तेव्हा येईल. यादीत नाव लागलं, लोकांनी अभिनंदन केलं, स्वारी खूश! मग दर ईस्टरच्या जत्रेला नाव हजर, पुस्तक गायब. एका पंडितानं तर न लिहिलेल्या पुस्तकाचं खंडनही छापलं. झालं! लेबेरेख्ट प्रस्तावना परत पहिल्यापासून लिहायला बसला.

"दादा, शेवटचं प्रकरण?"

"होईल गं. आधी दोन पिसं काप, ही बोथट झालीत."

मी तिला म्हणायचे, "बोथटच दे गं, कंटाळेल तरी."

"कंटाळून थांबला तर माझं काय, मावशी?"

अकराव्या वर्षी टोबियासनं कळवलं, या ईस्टरपर्यंतच थांबेन. मग पोरीनं धीर केला. भाऊ शाळेत गेल्यावर त्याच्या टिपणांवरून शेवटचं प्रकरण स्वतः जुळवलं आणि गठ्ठा छापखान्याला धाडला. माझ्याच पावाच्या टोपलीतून, बरं का! हे कळल्यावर दादा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी चार अंडी खाल्ली.

ईस्टरच्या आदल्या सोमवारी हालेची गाडी दारात आली. मेख्टिल्डनं टोपीच्या फिती बांधल्या, पेटी वर चढली. त्याच गाडीतून छापखान्याचं पुडकं उतरलं. लेबेरेख्टनं ते उंबऱ्यातच फोडलं.

"अरे, पहिलंच वाक्य चुकलंय!"

"छापलंय ते, दादा."

"ही प्रुफं आहेत. बदलता येतात. एक पीस दे बघू."

"पुस्तक पुरं झालंय."

"जवळजवळ," तो म्हणाला आणि पायरीवरच बसला.

"बाई, येताय ना?" गाडीवान ओरडला.

"चढ गं!" मी दुकानातून ओरडले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "वचन पुस्तक पुरं होईस्तोवरचं आहे, मावशी." पिसं कापायचा चाकू पेटीच्या तळाशी होता, म्हणून पेटी खाली उतरवावी लागली.

टोबियासनं शरद ऋतूत एका चांभाराच्या मुलीशी लग्न केलं. टोपी दारामागच्या खुंटीवर आहे, मी पाहिलीये. छापखानावाले प्रुफं पाठवतात, लेबेरेख्ट समास काळे करून परत धाडतो, ते पुन्हा पाठवतात.

काल ती पाव न्यायला आली. मी विचारलं, "कुठवर आलं?"

"तिसरं पान," ती म्हणाली आणि चाकूला धार लावायला माझा दगड मागून घेऊन गेली.