पाठमोरी मोटार

आमचे भाऊजी भगवंतराव रिसोडच्या शिवेवरचे माळी. वांगी, मेथी, कांदे आणि हट्ट अशी त्यांची चार पिकं. त्यातलं शेवटचं बारमाही यायचं आणि त्याला पाणीही द्यावं लागत नसे. मी जगदेव, त्यांचा सख्खा साळा. माझी बहीण आवडाबाई त्यांना दिलेली आणि माझा मळा त्यांच्या बांधाला लागून. माणसाला एक दुखणं पुरे असतं. मला देवानं सोयरा आणि शेजारी एकच दिला.

सदतीस सालची गोष्ट सांगतो. वाशीमच्या एका जिनवाल्या शेठनं नवी मोटार घेतली आणि जुनी कपाशीच्या कोठारात लोटून दिली. तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालीत. भाऊजी त्या शेठकडे भाजी पोचवायचे. एकदा शेठ थट्टेनं म्हणाला की भगवंता, हा सांगाडा घेऊन जा, माझी जागा तरी मोकळी होईल. भाऊजींना थट्टा कधी कळली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बैलजोडी घेऊन शेठच्या दारात उभे.

मोटार सपाटीवर बरी चालायची. चढ दिसला की मात्र एक हुंदका देऊन बसायची. म्हणून भाऊजी जिथे जातील तिथे बैल मोटारीच्या मागे बांधलेले असत. चढ आला की ते मागून सोडायचे, पुढे जुंपायचे, चढ संपला की पुन्हा मागे बांधायचे. रिसोडच्या बाजारात पायी गेलेल्या बाया मोटारीच्या आधी पोचत आणि भाऊजींसाठी जागा धरून ठेवत.

त्यांची एकुलती एक पोर सोजर मालेगावला दिलेली, बापूरावांच्या घरी. बापूराव मोठे जमीनदार, गळ्यात उपरणं आणि तोंडात "शब्द म्हणजे शब्द". अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊजी सोजरला आणायला मोटार घेऊनच गेले. मालेगावच्या शिवेवर चढ, आणि नेमका बाजाराचा दिवस. बैल पुढे जुंपून, मधे मोटार, मोटारीत गोंडेदार टोपी घालून व्याही, अशी वरात बापूरावांच्या ओट्यासमोर उभी राहिली. सारा बाजार भाव करायचा सोडून हसायला आला. बापूरावांना घाम फुटला. ते म्हणाले, सोजर येणार नाही. ज्या दिवशी ही मोटार बैल न लावता, आपल्या बळावर माझ्या दारात येईल त्या दिवशी घेऊन जा. भाऊजी म्हणाले, कबूल. तोवर मीही दुसऱ्या कशानं न्यायला येणार नाही.

दोघेही शब्दाचे पक्के. गाढवाचाही स्वभाव असाच असतो, पण त्याला कोणी मान देत नाही.

पावसाळ्यात निरोप आला की सोजरला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही आपली रीत. सातव्या महिन्यात पोर घरी आलीच पाहिजे. आवडाबाईनं गोधडी शिवायला घेतली, डिंक निवडून ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं की जगदेवला बैलगाडी देऊन पाठवा. भाऊजी म्हणाले, शब्द दिलाय. तिनं मला मालेगावला पाठवलं. बापूराव म्हणाले, शब्द दिलाय. मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा माझी बहीण चुलीपुढे होती. तिथेच बसून तिनं गोधडी उसवली आणि पुन्हा शिवायला घेतली. मला त्या दोन्ही व्याह्यांचा असा संताप आला की एकाच दाव्याला बांधून घालावं.

आवडाबाईचं ते उसवणं भाऊजींनीही पाहिलं असावं. कारण त्या आठवड्यात ते रिठदला गेले. तिथे बाबूसिंगची पिठाची चक्की होती. तिचा दगड तडकला होता आणि इंजिन रिकामं उभं होतं. खाली लोखंडाची बैठक, दोन्ही बाजूंना म्हशीच्या गव्हाणीएवढी जड चाकं, वर धुराचा नळा. भाऊजींचा हिशेब सरळ होता. लहान बैल ओढत नसेल तर मोठा जुंपायचा. साऱ्या रिठदचं दळण दिवसभर दळणाऱ्या इंजिनाला चार माणसं ओढणं काय जड आहे? बाबूसिंगला हे पटलं, कारण त्याला काहीही पटायचं. दोन बैलगाड्या जोडून त्यांनी ते इंजिन आणलं.

आता एवढं धूड मोटारीच्या नाकात बसवायचं कसं? विहिरीजवळच्या लिंबाच्या फांदीला मोटेचं चाक टांगलं, त्यावरून मोटेचाच जाड दोर घेतला, एका टोकाला इंजिन बांधलं आणि दुसऱ्याला बैल. बैल पुढे गेले, इंजिन वर चढलं. आम्ही मोटार खाली लोटायला लागलो. पण हे बैल मोटेवरचे. त्यांची सारी हयात एकाच धावेवर गेलेली: सतरा पावलं पुढे, मोट रिकामी झाली की आपसूक सतरा पावलं मागे. सतरावं पाऊल पडलं आणि दोघे शहाण्यासारखे उलटे चालू लागले. इंजिन सरळ खाली, कांद्याच्या वाफ्यात. दुसऱ्या वेळी कोंबड्यांच्या खुराड्यावर. तिसऱ्या वेळी बाबूसिंगच्या फेट्यावर, सुदैवानं तो फेटा त्यानं काढून ठेवलेला होता. चौथ्या वेळी आम्ही शहाणे झालो. बैल कुठे उलटतात ते बघून मोटार आधीच तिथे नेऊन ठेवली. इंजिन अलगद नाही, पण बरोबर बसलं. मोटारीचं नाक जमिनीला टेकलं, ते आम्ही बाभळीचे ओंडके घालून उचललं. वर पाण्याचं पिंप ठेवलं, कारण इंजिन तापतं आणि त्याला पाणी लागतं.

पट्टा चढवायचं काम बाबूसिंगचं. त्यानं इंजिनाच्या चाकावरून चामड्याचा पट्टा घेतला आणि मधे फुली पाडून मोटारीच्या दांड्यावर बसवलेल्या चाकाला घातला. त्याच्या चक्कीत पट्टा असाच होता, वीस वर्षं. तिथे दगड इंजिनाच्या उलट फिरवायचा होता म्हणून फुली होती, हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी पट्टा म्हटला की फुली आलीच.

चौघांनी मिळून जड चाक फिरवलं. पुक, पुक, पुक असा आवाज सुरू झाला. भाऊजींनी टोपी नीट केली, दांडा ओढला, आणि मोटार पुढे जायच्या ऐवजी मागे निघाली. मेथीतून, बांधावरून, माझं कुंपण मोडून, माझ्या वांग्यांत. वांगी तोडणीला आलेली होती. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मग फुली काढून पट्टा सरळ घातला. सरळ पट्टा चाकावर टिकेना, चार फेरे झाले की सटकून लिंबावर जाऊन पडे. फुली घातली की घट्ट बसे. मोटार मागे जायची ती अशी जोरात की चढ तिच्या गावीही नसे. पुढे जायची एक मुंगीच्या पावलाची चाल होती, पण तिनं मालेगावला जायचं तर पोचेपर्यंत सोजरचं बाळ शाळेत गेलं असतं. मी म्हटलं, झालं, आता बैलगाडी जुंपा. भाऊजी धावेवर बसून बैलांकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे बैल अर्धी वाट उलटेच चालते, जगदेव. त्यायच्या पाण्यावर मळा पिकून राह्यला. मंग मोटार उलटी गेली तं कायले लाज?"

निघालो. भाऊजी चाकापाशी, तोंड घराकडे. मी मागच्या गादीवर उलटा बसून, तोंड मालेगावकडे. वाट मला दिसे आणि चाक त्यांच्या हातात. डावं-उजवं सांगून उपयोग नव्हता, माझं डावं ते त्यांचं उजवं. पहिल्याच वळणाला आम्ही एका तुरीच्या शेतात जाऊन आलो. त्यानंतर मी "आंब्याकडं", "नाल्याकडं", "म्हशीकडं नको" असं सांगत गेलो. वाटेत दर गावी वेगळाच ताप. चक्कीचा आवाज आला की बाया टोपल्यांत ज्वारी घेऊन रस्त्यावर येत. एका गावात तर सात बाया नंबर लावून उभ्या होत्या. भाऊजींनी त्यांना नम्रपणे सांगितलं की आज दळण बंद आहे. पिंपातलं पाणी उकळायला लागलं तेव्हा त्यांनी त्यात शेंगा टाकल्या. मालेगाव येईपर्यंत त्या छान शिजल्या, हे मात्र मी कबूल करतो.

शिवेवरचा चढ मोटार चढली. बैल नाहीत, धक्का नाही. पाठ पुढे करून ती बापूरावांच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली आणि पुक पुक करत राहिली. बाजार पुन्हा जमला. बापूरावांनी मोटारीला एक फेरी मारली. म्हणाले की ही आली हे खरं, पण पाठमोरी आली. व्याह्याच्या दारात पाठ दाखवून येणं म्हणजे येणं नव्हे, हा अपमान आहे. ओट्यावरच्या जाणत्यांत दोन तट पडले. एक म्हणे, दारात आली ना? दुसरा म्हणे, तोंड रिसोडकडे आहे, म्हणजे ती निघालेली आहे, आलेलीच नाही. तिसऱ्यानं विचारलं की खेकडा घरी येतो तेव्हा त्याला काय म्हणायचं. एवढ्यात बापूरावांची बायको गोमतीबाई ज्वारीची टोपली घेऊन आतून लगबगीनं आली. चक्की कुठाय म्हणाली. नवऱ्यानं डोळे वटारले.

तिच्या मागून सोजर आली. पोट दिसत होतं, चेहरा उतरलेला. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे, आणि आत गेली. परत आली ती हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन. डोईवरचा पदर पुढे ओढून ती सासऱ्याशी नाही, सासूशी बोलली, पण साऱ्या ओट्याला ऐकू जाईल असं.

"आत्याबाई, दारात आलेल्याले पह्यले पाणी देतेत. तोंड कोणीकडं हाये ते मंग पाहू."

आणि तिनं भाकरीचा तुकडा मोटारीवरून ओवाळून टाकला, मागच्या चाकांवर पाणी घालायला घेतलं. पहिलं चाक धुऊन झाल्यावर तिला वाकवेना. गोमतीबाईनं टोपली खाली ठेवली, तांब्या घेतला आणि दुसरं चाक स्वतः धुतलं. ज्याचे पाय घरच्या लक्ष्मीनं धुतले तो आला नाही असं कसं म्हणणार? बापूरावांनी उपरणं झटकलं आणि पाहुण्यांना जेवू घाला म्हणाले. शब्द म्हणजे शब्द.

सोजर घरी आली. तिला मुलगी झाली, गोरीपान, आणि रडायची ती बाबूसिंगच्या इंजिनाच्या तालावर. आवडाबाई त्या दिवसांत दहा वर्षांनी लहान झाली. सव्वा महिना होऊन गेला आणि मालेगावहून निरोप आला: सून पाठवा. भाऊजी म्हणाले, आणली तशीच पोचवतो, मोटारीनं. अंगणात सात गावांना ऐकू जाईल असा पुकपुकाट करून आम्ही निघालो. सोजर मागे, मांडीवर लेक. मी तिच्या शेजारी उलटा बसून वाट सांगत होतो.

आमच्या मळ्यापासून सडक कोसभर सरळ जाते. सांगण्यासारखं काही नव्हतं. जरा वेळानं मला जाणवलं की भाऊजी गप्प आहेत. या माणसानं चालत्या मोटारीत तोंड मिटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी मान वळवली. सोजर समोर बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भाऊजीही समोर बघत होते. समोर, म्हणजे घराकडे, सडकेच्या त्या टोकाला, आवडाबाई उभी होती. हात वर नाही, काही नाही. नुसती उभी. आम्ही जसे लांब जात होतो तशी ती लहान लहान होत होती, पण हलत नव्हती.

लेकीला सासरी पोचवायला भाऊजी आजवर चार वेळा गेले असतील. दर वेळी गाडीच्या धुरेवर बसून, तोंड वाटेकडे. मागे काय असतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

"जगदेव," ते म्हणाले, "आवडा दर खेपी अशीच उभी राह्यते काय?"

मी म्हटलं, "मले काय ठाव. तिले इचारा."

त्यांनी हात लांब करून तेलाची तोटी बंद केली. इंजिन आणखी दोन-चारदा पुकपुकलं आणि थांबलं. ते पुन्हा सुरू करायला चार माणसं लागतात, आणि आम्ही तिथे दोघेच होतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते खाली उतरले, सोजरच्या मांडीवरून नात घेतली.

"मालेगावले निरोप दे. म्हणा, मोटार बंद पडली. पह्यल्यासारखीच बसली."

मी म्हटलं, "बापूराव सारं गाव जमवून हसतीन."

"हसू दे," ते म्हणाले, आणि नातीला खांद्यावर टाकून आवडाबाईकडे चालू लागले. सोजर त्यांच्या मागे गेली.

मी बैलगाडी जुंपून मालेगावला गेलो आणि भरल्या ओट्यावर सांगितलं की आमची मोटार सपाटीवरच बसली. बापूराव हसले, ओटा हसला, बाजार हसला. आमच्या भाऊजींचं नाव पुढे दहा वर्षं त्या गावात हसण्यासाठीच निघायचं. सोजर आणखी महिनाभर राहिली.