खिडकीखालची पिंपळी

"काय होणार नाही ते राहू द्या जी. काय होईल ते सांगा."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते डॉक्टरांच्या खोलीत. त्यांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि रिपोर्ट दाखवायला मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं होतं. डॉक्टर सवयीने यादी वाचत होते. चालता येणार नाही, उजवा हात उचलता येणार नाही, बोलणं बहुधा परत येणार नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वरचं वाक्य म्हटलं. डॉक्टर थबकले. असा प्रश्न त्यांना अभ्यासक्रमात नसावा. मग विचार करून म्हणाले, "डावा हात चालेल. समजेल सगळं. हसू शकतील." यांनी मंजुरीचा आदेश हातात पडल्यासारखी मान हलवली.

हे गृहस्थ आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहत. मूळचे भंडाऱ्याकडचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि मुलगी हिंजवडीत नोकरीला म्हणून नवराबायको पुण्यात आले. प्रत्येक सोसायटीत टोपणनावं देणारी एक समिती असते. ती कधी निवडून येत नाही आणि कधी राजीनामाही देत नाही. तिने यांचं नाव 'पाटबंधारे' ठेवलं. त्यांना ते कळलं होतं. "खातं तरी बरोबर लिहिलं," एवढंच म्हणाले.

त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूला उघडायची. तिथे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा होता. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याला उद्यान म्हटलेलं होतं. पलीकडे उंच टॉवर उभा राहिल्यापासून तिथे ऊन येत नसे. ओली माती, ड्रेनेजचे पाइप आणि वरच्या मजल्यांवरून ठिबकणारं एसीचं पाणी, एवढाच मामला. बायकोची कॉट याच खिडकीशी होती. तिला आता दिवसभर हेच बघायचं होतं.

त्यांनी ठरवलं, इथे हिरवं करायचं. मी म्हटलं, सावलीत काही येत नाही. ते म्हणाले, "आमच्या भंडाऱ्यात मे महिन्यात सावलीसाठी माणूस भांडतो जी. आणि तुम्ही तिला नावं ठेवता."

आधी लोणी काळभोरच्या एका नर्सरीतून हिरवळीचे चौकोन आणले. महिन्याभरात त्यांची चटई झाली. ते पुन्हा नर्सरीत गेले, मला बरोबर घेऊन. नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, उन्हाबिगर लॉन व्हनार न्हाई." यांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. नर्सरीवाल्याने डोकं खाजवलं. "मग फरशी बसवा. ती कुठंबी व्हईल."

पिंपळी मी आणली. माझ्या मावसभावाची कोकणात सुपारीची बाग आहे. तिथे झाडांखाली, जिथे ऊन जमिनीला टेकत नाही, तिथे पिंपळी आपणहून पसरलेली असते. विड्याच्या पानासारखी पण लहान, काळपट हिरवी, तुकतुकीत पानं. बाराही महिने हिरवी. खोकल्याला मधातून देतात ती हीच. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून काही वेल आणून मी त्यांच्या हवाली केले आणि जाता जाता म्हणालो की कोकणातली माणसंसुद्धा पुण्यात रुजायला वेळ घेतात.

पिंपळीच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, पण पेर मातीला टेकून राहिलं तर. त्यासाठी त्यांनी काय वापरलं हे मला एका सकाळी खिडकीपाशी वाकून पाहिल्यावर कळलं. अंबाड्याचे आकडे. आजारपणात बायकोचे केस कापावे लागले होते. डबाभर आकडे उरले होते. एकेक पेर मातीवर ठेवायचं आणि त्यावर आकडा उलटा खोचायचा. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "तिनंच डबा काढून दिला. डाव्या हातानं."

वरून ठिबकणारं एसीचं पाणी त्यांनी अर्ध्या कापलेल्या पाइपातून पट्ट्यात फिरवलं. ज्याच्या उद्घाटनाला कोणी मंत्री आला नाही, असा हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव कालवा.

पुढे एक अडचण लक्षात आली. कॉटवर पडलेल्या माणसाला खिडकीतून भिंत दिसते, जमीन दिसत नाही. मग त्यांनी न्हाणीघरातला आरसा काढला आणि खिडकीबाहेर छज्ज्याला तारेने तिरका टांगला. आता तिला पडल्या पडल्या पट्टा दिसायचा. पण अशा आरशात लांबचं खाली दिसतं आणि जवळचं वर. ती बोटाने वर दाखवायची, म्हणजे खिडकीपाशी माती उघडी आहे. हे कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन तिथे वेल लावायचे. ती आतून कॉटच्या कडेवर हात आपटायची. हे आणखी मागे सरकायचे, भिंतीला पाठ लागेपर्यंत. मग ती हसायची. अर्धाच चेहरा हसायचा, पण आवाज पुऱ्या हसण्याचा. "इतकी वर्षं संसार केला," ते मला खिडकीबाहेरून सांगायचे, "पण हिचं बोट कुठं चाललंय ते अजून कळत नाही जी." मला वाटतं, त्यांना आठवड्याभरात कळलं असावं. चूक मात्र वर्षभर चालू होती.

त्यामुळे झालं असं की पिंपळी भिंतीकडे दाट आणि खिडकीकडे विरळ. हळूहळू ती पुढे सरकत आली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या अगदी पायथ्याशी तळहाताएवढा तुकडा तेवढा उघडा राहिला होता. ती रोज तोच दाखवायची. "एवढं भरलं की झालं," ते म्हणायचे.

ते भरण्याआधी ती गेली.

सोसायटीचे अध्यक्ष भेटायला आले. माइक हातात नसतानाही ते माइकवरच बोलतात. तेरावं कधी आहे, सोसायटीतर्फे काही करायचं आहे, असं म्हणाले. "आमच्यात तेरावं नसतं जी," हे शांतपणे म्हणाले. "पुण्यानुमोदन असतं. भंते येतात, वंदना होते, लोक आठवणी सांगतात." अध्यक्ष म्हणाले, "तेच ते." मग बायकोबद्दल बोलावं म्हणून त्यांनी विचारलं, वहिनींना काय आवडायचं? हे म्हणाले, "हिरवं."

अध्यक्षांनी ते लक्षात ठेवलं. माणूस मनाने वाईट नाही, हेच या गोष्टीतलं दुःख आहे.

वर्ष झालं तेव्हा पहिल्या स्मृतिदिनासाठी हे मुलीबरोबर भंडाऱ्याला गेले. मी नेमका मावसभावाकडे लग्नाला गेलो होतो. तेवढ्या आठवड्यात सोसायटीने त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलं. मागे रान माजलंय, साप येतील, अशी तक्रार होतीच. कंत्राटदाराने ते 'रान' पोत्यांत भरून बाहेर काढलं, जमीन सपाट केली, खाली फरशी घातली आणि तिच्यावर प्लास्टिकची हिरवळ चिकटवली. भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी लावली. स्मृती उद्यान, आणि खाली तिचं नाव. स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं. आमच्याकडे हे सहसा होत नाही.

मी परतलो ती उद्घाटनाची सकाळ होती. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. ते आदल्या संध्याकाळीच आले होते आणि इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. डावी मूठ मिटलेली.

अध्यक्ष बोलले. "या अंधाऱ्या, दुर्लक्षित कोपऱ्याचं आपण नंदनवन केलं आहे. आणि विशेष म्हणजे, याला पाणीही घालावं लागणार नाही." टाळ्या झाल्या. शाल आणि श्रीफळ दिलं. रिबीन यांनीच कापली, आणि चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा माइकपासून थोडं लांब उभे राहून म्हणाले, "तिला हिरवं आवडायचं. तुम्ही लक्षात ठेवलं. आभारी आहे."

लोक पोह्यांकडे वळल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी मूठ उघडली. त्यात गंजलेले आकडे होते. काल पोती उचलायच्या आत गेटपाशी जाऊन जेवढे सापडले तेवढे.

मी म्हटलं, मी बोलतो अध्यक्षांशी. हे काढायला लावतो.

"नको जी. तिच्या नावानं केलंय त्यांनी. तिच्या नावाचं उखडा, असं मी कसं म्हणू?"

मग मी म्हटलं, कोकणातून पुन्हा वेल आणतो. कुंडीत लावू. मावसभावाकडे हवे तेवढे आहेत.

त्यांनी आकडे सदऱ्याच्या खिशात टाकले. मग म्हणाले, "नाही होणार आता."

इतक्या वर्षांत त्यांनी काय होणार नाही ते सांगितलं, ते एवढंच.

पुढे मुलीला बंगळुरूला नोकरी मिळाली. ती त्यांना घेऊन गेली. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, ते गेल्याचा. बोलता बोलता म्हणाली, "काका, इथल्या बाल्कनीत दिवसभर ऊन असतं. मी कुंड्या आणून दिल्या होत्या. पण त्यांनी काही लावलं नाही." आकड्यांचं मी विचारलं नाही.

अशा वेळी गोष्टीत फरशीच्या फटीतून एक कोवळं पान वर येतं. तुम्हीही तशा गोष्टी वाचल्या असतील. मी येता-जाता बघतो. आलेलं नाही. कंत्राटदाराने काम चोख केलं आहे. रविवारी सफाईवाला हिरवळीवर पाण्याचा पाइप मारतो, धूळ निघून जाते, आणि अध्यक्ष पाहुण्यांना आणून पाटी दाखवतात.

त्या फ्लॅटमध्ये आता हिंजवडीला जाणारं एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. परवा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. त्यातली मुलगी म्हणाली, "काका, हा मिरर असा बाहेर कोणी लावलाय? कशासाठी? काढून टाकू का?"

त्यांचीही कॉट त्याच जागी होती. मी टेकलो आणि उशीच्या उंचीला डोकं नेऊन वर पाहिलं. तार गंजली होती, पण आरसा त्यांनी ठेवला होता त्याच कोनात होता. वरच्या कडेला खिडकीच्या पायथ्याची जागा दिसते. तळहाताएवढा तो तुकडा.

तोही आता हिरवा आहे.