वाफेत मेलेलं एन्झाइम

चारुलता भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. परभणीची व्हेटरिनरी डॉक्टर, बैलाच्या लाथेला कधी घाबरली नाही. पण जर्मनीत ब्राउनश्वाइगला आल्यापासून टपालात जाड पाकीट दिसलं तरी ही ते दोन-दोन दिवस उघडायची नाही. डिग्री इथे चालेना, भाषेच्या परीक्षेत दोनदा आपटी खाल्ली. चार वर्षं घरी काढल्यावर गावाबाहेरच्या एका कोंबडी-खाद्याच्या गिरणीत नोकरी लागली. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे कच्च्या नोकरीची मुदत, शुक्रवारी, तीस सप्टेंबरला संपणार होती. ती संपली की नोकरी पक्की.

आणि सोमवारी बाईंनी घोळ घातला!

गिरणीत तेव्हा सोया कमी करून वाटाणे आणि गव्हाच्या जागी रोगेन, म्हणजे त्यांच्या काळ्या पावाचं धान्य, घालायला लागले होते. रोगेन कोंबडीच्या पोटात चिकट होतं, ते पचायला एन्झाइम लागतं. आपल्याकडे कोंबड्यांना भरडा घालतात; त्यात एन्झाइमची पूड मिसळली की झालं काम. चारुलताचा हात त्यालाच सरावलेला. इथे मात्र वाफेवर दाबून खाद्याच्या गोळ्या करतात, म्हणून गोळ्या गार झाल्यावर पातळ एन्झाइम फवारायचं. हिने सवयीने पूड आधीच मिक्सरमध्ये ओतली, फवारा बंद केला, आणि खाद्याची गाडी हेर ल्यूडर्स या जुन्या गिऱ्हाइकाच्या फार्मवर गेलीसुद्धा.

संध्याकाळी घरी ती दूध कोमट व्हायची वाट बघत होती. बोट बुडवलं तर चटका बसला. आत्ता घातलं तर विरजण मरेल, असं मनात आलं मात्र, हातातली वाटी खाली पडली. वाफ! एन्झाइम मेलं की सगळं!

"शिरीष, बारा हजार पिल्लांना नुसतं रोगेन जातंय रे!"

नवरा मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर, सगळ्याचं गणित मांडणारा. "शुक्रवारपर्यंत तोंड उघडू नकोस, चारू. तेवढ्यात काही मरत नाहीत. पक्की झालीस की सांग."

तिने ऐकलं. मग काय विचारता! फोन वाजला की ही गोदामात पळायची. गिरणीच्या मालकीणबाई फ्राऊ टीडमान सकाळी हसून "मोर्गन" म्हणाल्या, तर हिला वाटायचं, कळलं यांना. आणि डोळे मिटले की ती पिल्लं.

गुरुवारी ल्यूडर्सनीच फोन करून बोलावलं. शेडमध्ये पाय टाकताच डोळे झोंबले. खालचा भुसा चिकट चिखल झाला होता, पिल्लं पाय मोडल्यासारखी बसून. सत्तरीचा माणूस एकटाच पेंढा पसरत होता.

"पाण्याच्या नळ्या गळतायत वाटलं. सगळ्या बदलल्या," ते म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही आता. मुलगी म्हणते ते खरं. आज तिला सांगतो, फार्म बंद."

चारुलता पुढे झाली. जर्मन तर सगळं विसरलीच.

"नळ्या नाही. खाद्य. चूक माझी."

 म्हाताऱ्याने पेंढ्याचा काटा भिंतीला टेकवून बाहीने डोळे पुसले. "म्हणजे मी नाही," एवढंच म्हणाला.

तिने गिरणीत चूक सांगितली, आणि त्याच दुपारी नवं खाद्य गेलं. शुक्रवारी सकाळी फ्राऊ टीडमाननी बोलावलं.

"चूक कोणाचीही होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं कधी?"

काल, असं म्हणता आलं असतं. कोण बघायला गेलं होतं? 

"सोमवारी."

"आणि तीन दिवस गप्प?"

"भीती वाटली."

 "चुकीसाठी तुम्हाला काढलं नसतं," त्या म्हणाल्या, "पण घाबरून गप्प बसणाऱ्या माणसाच्या हातात मी खाद्य कसं देऊ?" आणि नोकरी संपल्याच्या पत्राचं पाकीट पुढे सरकवलं.

घरी शिरीष कपाळाला हात लावून बसला. "अगं, सोमवार कशाला कबूल केलास? कोणाला कळणार होतं!"

"आता तू गप्प बस," चारुलता म्हणाली.